हरिपाठाला बसते, पण आतून काहीच येत नाही

वाचकाचं पत्र

मी बेचाळीस वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझे बाबा माळकरी होते. गावच्या दिंडीत वीणा त्यांच्याकडे असायची, आणि देवळात ते मुलांना पखवाज शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी ते कॅन्सरने गेले. आजारपणाच्या आठ महिन्यांत आईने एकेक एकादशी निर्जळी केली. सगळा गाव म्हणत होता, माऊली बघेल. आषाढीच्या आदल्या आठवड्यात बाबा गेले, तर तेच लोक म्हणाले, "भाग्यवान माणूस, पांडुरंगाने बोलावून घेतलं." तेव्हापासून माझं मन उडालंय. संध्याकाळी आईबरोबर हरिपाठाला बसते, पण आतून काहीच येत नाही. इगतपुरीला विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स केला. रात्री तीनला जाग येते, मग मोबाइलवर प्रवचनं ऐकत पडते. नणंद म्हणते, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या, बाबांना गती मिळेल. शाळेतली मैत्रीण अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करते. ती म्हणते, विश्वास नसताना वारीला जाणं हा दांभिकपणा आहे. आईचा हट्ट आहे की यंदा मी माळ घालावी आणि तिच्याबरोबर चालावं. बाबांनी मला माळेचा कधीच आग्रह केला नव्हता. सातवीतल्या मुलाने परवा विचारलं, "आई, देव आहे का गं?" मी विषय बदलला. बाबा होते तोवर हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. माळ घालू का? आणि देव नसेल तर जगायचं कशाच्या आधारावर?

उत्तर

ताई,

"बाबा होते तोवर हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता" असं तुम्ही लिहिलंय. तुमचं सगळं पत्र मी या वाक्याला धरून वाचलं. पुरावा मागायला तुम्ही कॉलेजात शिकलात, आता वर्गात तेच शिकवता. तरी इतकी वर्षं घरातला हरिपाठ तुम्हाला कधी खुपला नाही. घरात श्रद्धा होती, ती बाबांची होती आणि तेवढी सगळ्यांना पुरत होती. आता बाबा नाहीत, आणि ती जागा तुम्ही भरावी असं आईला वाटतंय. अवघड झालंय ते इथे.

तुमच्या शंकेत मला दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. देव आहे का, हा एक. माझ्या बाबांना का नेलं, आणि नेल्यावर लोकांनी त्याला भाग्य का म्हटलं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर मिळालं नाही तरी माणूस नीट जगू शकतो. दुसरा प्रश्न तुम्हाला रात्री तीनला उठवतोय. तो राग आहे, आणि तो रास्त आहे. आठ महिने दवाखान्याच्या फेऱ्या मारलेल्या मुलीला "भाग्यवान" हा शब्द ऐकवला की तिला धड रडताही येत नाही. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. दुःखापुढे काय बोलावं हे सुचत नाही, तेव्हा माणसं असलं काहीतरी बोलतात. पण म्हणून तुम्ही ते गोड मानून घ्यायला हवं असं नाही.

असा राग आला की आपण परंपरेच्या बाहेर पडलो असं तुम्हाला वाटतंय. बाबांच्या गाथेत काय आहे ते एकदा उघडून बघा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचं दिवाळं निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. हे त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय. आणि त्याच गाथेत एके ठिकाणी ते म्हणतात, "माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल." पुढे म्हणतात, त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. तुमच्या शाळेतल्या मैत्रिणीनेही इतकं कडक बोललेलं नसेल. हा अभंग वारकऱ्यांनी गाथेतून काढून टाकला नाही. जनाबाईंनी तर विठ्याला सरळ शिव्या दिल्या, आणि त्याही भक्तीच्याच खात्यात जमा झाल्या.

वारीत एक रीत आहे. बाबांनी तुम्हाला सांगितली असेल. मुक्कामी पोचल्यावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोळा होतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झालं ते विचारतात, आणि तक्रार ऐकून घेतल्यावरच पुढचं सुरू होतं. मला ही रीत फार मोलाची वाटते. तक्रार असणाऱ्याने मुकाट्याने टाळ खाली ठेवावेत असं तिथे कुणी म्हणत नाही. तुमच्या बाबतीत मात्र उलटं झालं. दोन वर्षं तुमचे टाळ वाजतायत, आणि काय झालं हे विचारायला कुणी आलं नाही.

इथे एक फरक मात्र मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुकोबांचं भांडण ज्याच्याशी होतं, तो ऐकतोय याची त्यांना खात्री होती. तुमचं तसं नसेल. राग ओसरला की कदाचित तुम्हाला कळेल की भांडायलाही समोर कुणी नाही. तसं झालं तर तेही चालेल. अशीही माणसं आपल्याकडे होऊन गेली, आणि तुमच्याच जिल्ह्यात होऊन गेली. गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे. देवाविषयी आपल्याला काही माहीत नाही हे उघडपणे सांगून ते जगले. 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, 1895 मध्ये ते गेले. त्यांचं आयुष्य आधाराविना होतं असं कोण म्हणेल? त्यांची एक गोष्ट तुमच्या खास कामाची आहे. मुलगा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी करील, अशी आस लावून बसलेल्या आईला त्यांनी पत्र लिहून स्वच्छ कळवलं की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. आईला दुखवायचं नाही म्हणून त्यांनी गोलमोल उत्तर दिलं नाही.

तर माळेचं. यंदा माळ घालू नका. हे मी माळेच्या बाजूने सांगते आहे. माळ घालणं म्हणजे शब्द देणं: रोजचा हरिपाठ, एकादशी, मद्यमांस वर्ज्य, वर्षाची वारी, आणि या सगळ्यामागे विठ्ठलावरची निष्ठा. बाकीचं तुम्ही उद्यापासून पाळू शकाल, कदाचित आत्ताही पाळत असाल. शेवटचं तुमच्याकडे आज नाही. आईचं मन राखायला माळ घातलीत तर रोज सकाळी आरशात ती दिसेल आणि रोज तुम्ही स्वतःवर चिडाल. कुठलाही जाणता माळकरी तुम्हाला सांगेल की पाळता येत नसेल तर घालू नये. बाबांनी कधी आग्रह केला नाही त्याचं कारणही हेच असावं. आपल्या मुलीला ते ओळखत होते.

आईला हे कसं सांगायचं? हरिपाठ झाल्यावर, दोघीच असताना सांगा. "आई, मी तुझ्याबरोबर चालायला येते. माळ मात्र आत्ता घालणार नाही. बाबा गेल्यापासून माझं मन लागत नाही आणि मला खोटी माळ घालायची नाही." एवढंच. देव नाही हे सिद्ध करायला बसू नका. ती चिडेल, रडेल, बाबांना काय वाटलं असतं असं म्हणेल. म्हणू द्या. आणि मग तिला एक प्रश्न विचारा, जो माझ्या अंदाजाने दोन वर्षांत तिला कुणीच विचारला नसेल: "तुला राग आला होता का गं?" आठ महिने पाण्याचा थेंब न घेता एकादश्या करणाऱ्या बाईच्या मनात बाबा गेले त्या दिवशी काहीच आलं नसेल, असं धरून चालू नका. कदाचित तिलाही आतून काही येत नसेल आणि तुमच्यासाठी ती बसत असेल. कदाचित तिची श्रद्धा आधीपेक्षा घट्ट झाली असेल. दोन्हींतलं काहीही ऐकायची तयारी ठेवा. तुमच्या माळेचा हट्ट कशातून आलाय, हेही तेव्हाच कळेल. मला वाटतं, घरातली वारी तुटू नये आणि आपण एकटं चालू नये, एवढ्याच दोन गोष्टी तिला हव्या असतील.

मैत्रिणीचं म्हणणं मी बाजूला टाकत नाही. ढोंगाविषयी तिला चीड आहे ती योग्यच आहे. पण नसलेली श्रद्धा मिरवून त्यातून मान किंवा पैसा मिळवणं म्हणजे दांभिकपणा. म्हाताऱ्या आईच्या पिशव्या उचलून तिच्याबरोबर चार मुक्काम चालणाऱ्या मुलीला तो शब्द लागू होत नाही. ज्या चळवळीत तुमची मैत्रीण काम करते तिचे नरेंद्र दाभोलकर तुमच्या साताऱ्याचेच. आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, हे ते जन्मभर सांगत राहिले. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले तो त्याच वर्षी झाला. यात्रा, परिक्रमा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. मैत्रिणीला हे माहीत असणार. तिला तुमची काळजी वाटतेय, आणि ती तिच्या भाषेत सांगतेय.

हरिपाठ म्हणताना आपण खोटं बोलतोय असं तुम्हाला वाटतं. मी तसं मानत नाही. अभंग म्हणणं म्हणजे तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्रावर सही करणं नाही. ते शब्द सातशेहून जास्त वर्षं माणसं म्हणत आली, आणि त्यातल्या प्रत्येकाचं मन रोज लागत होतं असं कुणी सांगू शकणार नाही. आईच्या आवाजात आवाज मिसळणं एवढंच सध्या त्याचं कारण असेल, तर ते कारण पुरेसं आहे. एखाद्या दिवशी नकोसं झालं तर म्हणू नका, नुसत्या शेजारी बसा.

नारायण नागबळीचं उत्तर मी सरळ देते: करू नका. तीन दिवसांचा विधी, जाण्याराहण्याचा खर्च, दक्षिणा, हे सगळं "बाबांना गती मिळाली नाही" या भीतीपोटी. जन्मभर वीणा खांद्यावर घेऊन चाललेल्या माणसाची गती अडकली आहे, असं कुठला वारकरी म्हणेल? नणंदेला वाईट वाटू न देता सांगा, "बाबांच्या नावाने करायचं ते आम्ही दिंडीतच करू." एखाद्याची मनापासून श्रद्धा असेल आणि ऐपत असेल तर त्याने करावं. भीतीने किंवा कर्ज काढून काही करू नये. रात्रीच्या प्रवचनांपैकी जी ऐकून भीती वाढते, जी शेवटी एखादा उपाय किंवा वस्तू विकतात, ती आजपासून बंद करा. रात्री तीनला माणूस फार हळवा असतो. त्या वेळी कुणाचंही खरं वाटतं.

इगतपुरीच्या दहा दिवसांविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणजे फारसं हाती लागलं नाही असं मी समजते. तिथे दहा दिवस मौन असतं, श्वासाकडे आणि मग शरीरातल्या संवेदनांकडे पाहायला शिकवतात, पैसे घेत नाहीत. पद्धत चांगली आहे, अनेकांना तिचा उपयोग होतो. पण वडील गेल्याच्या दुःखात असलेल्या बाईला मौनापेक्षा बोलायला कुणीतरी हवं असतं. जाग येणं असंच चालू असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, वर्गात शिकवताना मध्येच डोळे भरून येत असतील, तर समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सरकारची 'टेलि-मानस' ही हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. दुःखावर उपचार घेतल्याने श्रद्धेचा प्रश्न सुटणार नाही. पण झोप लागू लागली की त्या प्रश्नाकडे नीट बघता येईल.

आणि या प्रश्नाला घाई करू नका. डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि धम्मदीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात. मधली एकवीस वर्षं ते वाचत होते, तपासत होते. त्यांचं कारण वेगळं होतं, शतकांच्या अन्यायाचं होतं, तुमच्या घरगुती दुःखाशी मी त्याची तुलना करत नाही. तरी इतक्या मोठ्या बुद्धीच्या माणसाला एवढा वेळ घ्यावासा वाटला, तर तुम्ही या आषाढीपर्यंत सगळं ठरवलंच पाहिजे असं काही नाही. तुमच्यावर तारीख आईने घातली आहे, आणि आईची तारीख माळेची आहे. तिचं उत्तर वर आलंच.

आता मुलगा. त्याला टाळू नका. सातवीतलं पोर विचारतं तेव्हा उत्तरापेक्षा आपली आई हा प्रश्न सहन करते का, हे ते बघत असतं. त्याला सांगा, "मला माहीत नाही. आजोबांना खात्री होती. आजीलाही आहे. मला पूर्वी हा प्रश्न पडत नव्हता, आता पडतो. तुला काय वाटतं?" वर्गात एखाद्या गोष्टीचं उत्तर माहीत नसेल तर तुम्ही तसं सांगत असालच, मग घरात लाजायचं कशाला? त्याचं उत्तर "आहे" असेल किंवा "नाही" असेल, दोन्ही वेळा त्याला "का" विचारा. मग आजोबांविषयी बोला. मला वाटतं, त्याचा खरा प्रश्न आजोबा कुठे गेले हा आहे, आणि देवाचं नाव त्याने त्यासाठी घेतलं.

जगायचं कशाच्या आधारावर, हे तुम्ही शेवटी विचारलंत. मी तुम्हाला तयार आधार देऊ शकत नाही, आणि जो देतो म्हणेल त्याच्यापासून जपून राहा. पण पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की बाबा देवळात मुलांना पखवाज शिकवायचे. ती मुलं आता कुठे आहेत? पखवाज कुणाकडे आहे? बाबांच्या आयुष्यात विठ्ठल होता, तशीच ही पोरंही होती. विठ्ठल तुम्हाला आज दिसत नसेल, पोरं दिसतील. त्यांतला एखादा मोठा झाला असेल, त्याला लहानांना शिकवायला बसवा. देवळाची किल्ली, पखवाजाला शाई लावून घेणं, संध्याकाळी दिवे लावणं एवढं तुम्ही बघा. यासाठी माळ लागत नाही आणि कुणाचं प्रमाणपत्रही लागत नाही. त्यातून काय उगवेल ते मला सांगता येणार नाही. रिकाम्या मनाने मोबाइलवर उत्तर शोधण्यापेक्षा ते बरं, एवढं मी खात्रीने सांगते.

वारीचं म्हणाल तर आळंदीपासून सगळी वाट चालायचा हट्ट धरू नका. तुम्हालाही सवय नाही आणि पुणे ते सासवड, दिवे घाटाची चाल आईच्या गुडघ्यांना जड जाईल. तुमच्या जिल्ह्यातूनच पालखी जाते. लोणंदला दिंडीत सामील व्हा, तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण असतं, ते आईला दाखवा, आणि फलटण, बरड करून परत या. आईला पुढे जायचंच असेल तर तिला दिंडीच्या बायकांवर सोपवा. त्यांतल्या निम्म्या तिला नावाने ओळखत असतील. दिंडीप्रमुखांना आधीच सांगून ठेवा की मी माळकरी नाही, आईच्या सोबतीला येते आहे. ते नाही म्हणणार नाहीत. बाबांची वीणा आता ज्यांच्याकडे आहे त्यांना भेटा, ते तुम्हाला बाबांच्या अशा गोष्टी सांगतील ज्या घरी कधी आल्या नसतील. वाटेत लोक वाकून तुमच्या पाया पडतील, तुम्ही त्यांच्या पडा, तिथे ती रीतच आहे, आणि त्यासाठी तुमचा विश्वास कुणी तपासत नाही.

किरकोळ रजेचा अर्ज शाळा उघडताच द्या, कारण त्या दिवसांत प्रवेशांची गडबड असते आणि मुख्याध्यापक ऐनवेळी सोडत नाहीत. मुलाला बरोबर न्यायचं का, ते त्यालाच विचारा.